तोआकासेची खळ

गावात कुणाकडे न्गातू, म्हणजे सालीचं कापड, करायचं निघालं की पहिलं बोलावणं तोआकासेला जायचं. झाडाची साल बडवून तिचे पातळ पापुद्रे काढणं कुणालाही जमतं हो, हातात दम हवा, बस. पण एक पापुद्रा उभा, त्यावर दुसरा आडवा, आणि दोन्ही असे चिकटवायचे की माणूस त्या कापडावर जन्मभर झोपला तरी सुटू नयेत, ही करामत खळीची. खळ कसली, तर साबुकंदाची. कंद अर्धाच शिजवायचा आणि तोच सालीवर घासायचा. कच्चा राहिला तर नुसता घसरतो, पुरता शिजला की भुगा. मधला नेमका क्षण तोआकासेला कळायचा. कसा कळतो म्हणून विचारलं तर म्हणायची, "भुकेल्या माणसाला हंडीजवळ बसवू नका, एवढंच."

जन्मात तिची एक हंडी बिघडली नव्हती. आणि जन्मात तिनं आत्याला 'नाही' म्हटलं नव्हतं.

आत्या म्हणजे पिसिला, तिच्या बापाची थोरली बहीण. पिसिलाला मिशा नव्हत्या, तरी घरातले झाडून सगळे काका तिच्यासमोर मान खाली घालून बसायचे. बापाची बहीण म्हणजे बापाहून वर, तिथे कुणाची टाप आहे? तोआकासेचा नवरा आत्यानं ठरवला, घराची जागा आत्यानं ठरवली, लेकरांची नावंही आत्यानंच ठेवली. आत्या कारण सांगायची नाही आणि कारण विचारण्याची पद्धत नव्हती. मला विचाराल तर या पद्धतीनंच घात केला.

त्या दिवशी आत्याच्या स्वतःच्या मयताला अंथरायचं न्गातू चिकटवायला घेतलं होतं. "मी गेल्यावर तुम्ही काय दिवे लावाल ते ठाऊक आहे मला. डोळ्यांदेखत करा," असं म्हणून म्हातारी चटई टाकून कापड चिकटवायच्या लांब फळीच्या डोक्याशी बसली होती. फळीच्या दोन्ही अंगांना बाया. कापड एकदा फळीवर चढलं की जागा सोडायची नाही, कारण एक हात थांबला तर खळ वाळते आणि सगळी ओळ बिघडते.

त्या ओळीत तोआकासेची लेक लोसालिनेही होती. आठवा महिना. पाय टम्म सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे.

"लोसालिने, हे पाय आहेत की भोपळे?" शेजारच्या फुसीनं विचारलं.

"भोपळे बरे गं. निदान शिजवून खाता तरी येतात."

बाया हसल्या. तोआकासेला हसू आलं नाही. गावच्या नर्सनं आदल्या दिवशी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, पोरीला ताबडतोब लिफुका बेटावरच्या दवाखान्यात न्या, नाहीतर आई आणि मूल दोघंही हातची जातील. जावई केलेपी नाव घेऊन किनाऱ्यावर तयार होता. दुपारच्या भरतीला खडकांच्या फटीतून नाव पार झाली पाहिजे, भरती चुकली की दिवस गेला.

तोआकासेनं सकाळीच भीत भीत विषय काढला होता. आत्यानं वरसुद्धा पाहिलं नव्हतं. "लोसालिने कुठंही जायची नाही. कापड पुरं होऊ दे."

वारा असा नव्हताच. माडाची झावळी हलत नव्हती. तरी लांब खडकांवर लाटा दणकत होत्या, आणि कधी गावात न फिरकणारे ते काळे समुद्रपक्षी चर्चमागच्या झाडांवर येऊन गप बसले होते. "आज यांना काय झालंय?" फुसी म्हणाली. "हात चालवा," आत्या म्हणाली.

दुपार कलायला लागली तशी तोआकासेची नजर सारखी किनाऱ्याकडे जाऊ लागली. तोंडानं नाही म्हणणं तिला या जन्मी जमणार नव्हतं. ती चुलीपाशी गेली, हंडीखाली आणखी दोन लाकडं सारली आणि कंद पार मऊ होईपर्यंत बसून राहिली. मग तोच कंद तिनं बायांच्या हातात दिला.

जरा वेळानं वरचा पापुद्रा कडेनं उलायला लागला. आत्यानं नखानं टोक उचललं, ते सरसरत सुटून आलं.

"तोआकासे."

"चुकलं, आत्या."

"तुझं? चुकलं?" म्हातारी हातावर भार देऊन उठली. "फुसी, चल माझ्याबरोबर. कंद मी स्वतः उपटून आणते. बाकी कुणी जागचं हलायचं नाही."

दोघी फणसाच्या झाडांपलीकडे चढावर दिसेनाशा झाल्या आणि तोआकासेनं लेकीचा दंड धरला. "ऊठ."

"अगं, आजी खवळेल."

"खवळू दे. मी आहे ना."

ओळीतल्या बायांनी खाली पाहिलं. कुणी अडवलं नाही. तोआकासेनं लेकीला गुडघाभर पाण्यातून नावेत चढवलं, अंगावर चटई पांघरली. केलेपीनं इंजिन सुरू केलं. नाव खडकांच्या फटीतून पार झाली तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की परत येताना ती चक्क गुणगुणत होती.

आत्या चढावरून उतरली ती धापा टाकत. ओटीत कंद होते, चेहरा राखेसारखा.

"वरून नाव दिसली," ती म्हणाली.

"माझी पोर मरायला टेकली होती, आत्या," तोआकासे म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आणि तुम्हाला तुमच्या कापडाची पडली होती."

"कापडाची?" आत्या फळीशी मटकन बसली. "माझा नवरा असल्याच दिवशी समुद्रात गेला. वारा नाही, लाट उत्तरेची, पक्षी झाडावर. पहाटे पाहिलं आणि ओळखलं. तुम्ही तिला नावेत घालणार हे दिसत होतं, म्हणून फळीला बसवली. इथं पायाखाली जमीन होती. उद्या-परवा समुद्र निवळला असता, मीच धाडली असती."

"मग सांगायचं होतंत."

"तू विचारलंस?"

तेवढ्यात उत्तरेकडून वाऱ्याचा पहिला झपाटा आला. फळीवरचा सुटलेला पापुद्रा उभा राहून फडफडला, आणि दोन बायांनी अंग टाकून तो दाबून धरला. खडकांपलीकडे पाणी काळं झालं होतं. नाव कुठं दिसत नव्हती.

आत्यानं ओटीतले कंद तिच्यापुढे ओतले.

"चूल पेटव. आता अर्धाच शिजव. हे कापड माझ्याआधी लागेल बहुतेक."

तोआकासेनं सुरी घेतली आणि पहिला कंद सोलायला घेतला.