न वाचता जाळलेले रुमाल

अमरावतीच्या कचेरीत मी मोडी कारकून होतो, तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता. मग सगळ्यांना आमच्या वऱ्हाडचा कापूस हवा झाला. लोकांनी बांध नांगरले, खळ्यांच्या जागा नांगरल्या, गाडीवाटांच्या कडासुद्धा सोडल्या नाहीत. जमिनीवरून तंटे वाढले आणि तंट्यांबरोबर कागद वाढले. अर्ज, जबान्या, खरेदीखतं. आमच्या दप्तरखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही.

दप्तरखाना म्हणजे एकच लांबट खोली. भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. खालच्या फळ्या मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या अंमलातल्या, जुन्या कागदांनी भरलेल्या होत्या. साहेबांनी हुकूम काढला की जुनं दप्तर निवडा. कामाचं ठेवा, बिनकामाचं जाळा. ते काम माझ्याकडे आणि मुनशीजींकडे आलं.

मुनशीजी साठीच्या पुढचे होते. कचेरीत फारसी वाचणारे तेवढे एकटेच. ते एकेक कागद उजेडाकडे धरून सावकाश वाचायचे आणि मला वऱ्हाडीत सांगायचे, मी यादीत लिहायचो. कायम ठेवायचे, काही वर्षं ठेवायचे आणि जाळायचे, असे तीन ढीग. पण त्यांचा तिसरा ढीग वाढतच नसे. बैलांच्या चाऱ्याबद्दलचा कुठलासा हुकूम हातात आला तरी म्हणायचे, "पंतजी, याले राहू द्या. कोणाच्या कामी पडंल, आपल्याले काय मालूम?"

मला त्याचा वैताग येई. वरची एक जागा रिकामी होणार होती, ती मला मिळावी असं वाटत होतं आणि त्यासाठी हे काम लवकर उरकायला हवं होतं. हे मी आज सरळ लिहितो. तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

अशात मुनशीजींना हिवताप आला. आठ दिवस झाले, दहा झाले. एके सकाळी आमच्या वरच्या शिरस्तेदारांनी, म्हणजे मुख्य कारकुनांनी, मला बोलावलं.

"साहेब दौऱ्यावरून परत येताहेत. खोली मोकळी दिसली पाहिजे."

"फारसी रुमाल राहिलेत. मला वाचता येत नाहीत," मी म्हणालो.

"जुने आहेत ना? वाळवी लागली आहे ना? मग जीर्ण म्हणून लिहा."

सतरा रुमाल होते. वाळवी फक्त तीन-चारांना लागली होती. मी सगळ्यांपुढे 'फारसी, जीर्ण, निरुपयोगी' असं लिहिलं आणि खाली सही केली. शिपायानं कचेरीमागच्या खड्ड्यात ते टाकले. हातकागद जाड असतो, चटकन पेटत नाही. शिपाई दुपारभर काठीनं उलथत बसला होता. मी एकदाच बाहेर गेलो. धूर डोळ्यांत गेला म्हणून परत आलो.

मुनशीजी कामावर आले तेव्हा फार अशक्त झाले होते. रिकाम्या फळ्यांवरून त्यांनी हात फिरवला.

"कोणी वाचले?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी यादी पुढे केली. त्यांनी ती वाचली, घडी करून माझ्या हातात दिली आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी वलगावकडच्या एका गावातून एक म्हातारी कुंभारीण कचेरीत आली. बरोबर कोणी नव्हतं. अंगणात मला पाहून म्हणाली, "बाप्पा, दप्तराचे कारकून तुमीच काय? आमचा कागद पाह्यजे मले."

नदीकाठी एक चिकणमातीचा तुकडा होता. पिढ्यान् पिढ्या गावचे कुंभार तिथून माती नेत. मोगलाईत कुणा अंमलदारानं ती जागा कुंभारांना मातीसाठी लिहून दिली होती. आता गावच्या पाटलाच्या पुतण्यानं तिथे नांगर घातला होता.

"थो म्हणते, कागद दाखव. माह्या सासऱ्यानं सांगतलं होतं, कागद सरकारच्या घरी हाये, तिथून कुठी जात नाई म्हणून. त्याची नक्कल द्या. गाडगी नाई केली त आमी कौंडण्यपूरच्या जत्रेत काय नेऊन मांडावं?"

मी तिला बसायला सांगितलं आणि आत गेलो. यादी पाहायची गरज नव्हती, तरी पाहिली. त्या परगण्याचा रुमाल अकरावा होता.

मुनशीजींनी आतून सगळं ऐकलं होतं. "तो कागद मी पाह्यला होता," ते म्हणाले. "गेल्या साली वाळवी झटकताना. शिक्क्याजवळ फाटेल होता. सहा ओळींचा."

मला एकदम धीर आला. कपाटात जुन्या कोऱ्या कागदांचे ताव पडून होते. मुनशीजींचं अक्षर त्या जुन्या वळणाचंच होतं. मी दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणालो, "मुनशीजी, तुम्हाला आठवतंय तर लिहून काढा. कागद जुनाच आहे. कुणाला कळणार नाही. मजकूर तर खराच आहे ना? म्हातारीचं काम होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत.

"तिचं काम होईल, अन् तुमचंही होईल," ते म्हणाले. "पंतजी, एक कागद आपण बनवला, त मंग या खोलीतला कोणता खरा, हे उद्या कोण सांगंल? जे मी पाह्यलं ते मी साहेबापुढं सांगतो. तुमी जे केलं ते तुमी सांगा."

मी बाहेर आलो. म्हातारी तशीच बसून होती. "सापडला?" तिनं विचारलं.

"आजी, तो कागद आम्ही जाळला," मी म्हणालो. "न वाचता जाळला. माझ्या हातून झालं."

तिला ते पटकन समजलं नाही. "सरकारनं सरकारचाच कागद जाळला?" ती म्हणाली. "काहून?"

का ते सांगण्याऐवजी मी कागद-लेखणी घेऊन तिच्याजवळ बसलो. मी तिचा अर्ज लिहून दिला, त्यात कागद जळाल्याचंही लिहिलं.

सुनावणीला मुनशीजी उभे राहिले आणि सहाच्या सहा ओळी त्यांनी तोंडपाठ म्हटल्या. पाटलाच्या पुतण्याचा वकील हसून म्हणाला की म्हाताऱ्या माणसाला तापात काय काय आठवतं. मग मी सांगितलं की सतरा रुमाल न वाचता जीर्ण ठरवले ते मी. शिरस्तेदारांनी काय सांगितलं होतं तेही मी बोललो. शिरस्तेदार म्हणाले, असं काही घडलंच नाही. यादीवर सही या कारकुनाची आहे. सहीबद्दल ते खोटं बोलत नव्हते. सही माझीच होती.

साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं. निकाल मात्र म्हातारीच्या विरुद्ध गेला. कागद नाही, आणि एका माणसाच्या आठवणीवर जमीन ठरवता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. आपल्या परीनं ते बरोबरच होते. बाहेर आल्यावर म्हातारी मुनशीजींच्या पाया पडायला वाकली, त्यांनी तिला वाकू दिलं नाही. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पुढे ऐकलं की तिची मुलं चाक सोडून बडनेऱ्याला रेल्वेच्या मातीकामावर गेली.

वरची जागा मला मिळाली नाही. माझी बदली अकोल्याला झाली, पुन्हा दप्तरातच. निघताना मुनशीजींना भेटायला गेलो. त्यांनी गूळपाणी दिलं आणि म्हणाले, "तिथंही फारसी रुमाल असतीलच. वाचून घ्याल कोणाकडून."

अकोल्यात मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एक मौलवी मुलांना शिकवत. मी पस्तिशीचा माणूस, त्या मुलांच्या शेजारी बसून अलिफ-बे गिरवू लागलो. मुलं हसायची. अडीच वर्षांनी कसंबसं वाचता येऊ लागलं. तोवर तिथले शिरस्तेदार रोज विचारत, निवड कुठवर आली? मी सांगत असे, चालू आहे. दोनदा ताकीद मिळाली. फारसी रुमालांच्या यादीवर मी सही केली नाही.

कुणाचा आधार न घेता मी पहिला कागद वाचला तो एका वेशीच्या दुरुस्तीचा होता. किती गाड्या दगड, किती माणसं. ती वेस केव्हाच पडून गेली होती. जाळण्याच्या ढिगात तो जायला काहीच हरकत नव्हती. मी तो हातात धरून बराच वेळ बसलो आणि शेवटी परत रुमालात बांधून ठेवला. बरोबर केलं की चूक, ते मला अजून सांगता येत नाही.