पद्माकरच्या नळीतलं शिसं

पद्माकर केळशीकरला कुणी भांडकुदळ म्हटलं असतं, तर त्यानं मान डोलावली असती. होताच तो. पण त्याला अस्वच्छ म्हणायचं? बायकोनं, अरुणानं, घासलेली ताटली उजेडात धरून बघणारा, त्यावरून तिची बोलणी खाणारा आणि हार्बरफ्रंटच्या ऑफिसात दुसऱ्याचा माउस पुसून मगच हातात घेणारा हा माणूस!

म्हणणारा तरी कोण? मनोहर. पुण्याच्या कॉलेजातला दोस्त, त्याच्या आधी सिंगापूरला आलेला. नेमबाजीच्या क्लबात पद्माकरला त्यानंच नेलं होतं. आता तो रिव्हॉल्व्हर संघाचा कॅप्टन होता, आणि क्लबाच्या कुलूपबंद खोलीत काडतुसं भरायचं कामही त्याच्याकडे होतं. त्यानं कमिटीपुढे सांगितलं, की पद्माकरच्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या नळीत शिसं साचतं, कारण तो ती साफ करत नाही. असल्या माणसाला संघात ठेवू नये.

शिसं साचत होतं, हे खरं. थोडे बार झाले की नेम भरकटायचा. पद्माकर घरून तांब्याच्या तारेची घासणी घेऊन जायचा, तिचे धागे ब्रशला गुंडाळून नळी घासायचा. चंदेरी पापुद्रे निघायचे. अरुणा म्हणायची, "अहो, माझी भांडी काय हातानं खरवडू?" लेक ऋता म्हणायची, "बाबा, chill lah." तो chill होणार कसला!

मनोहरकडे उपाय तयारच असायचे. आधी म्हणाला, गोळ्या मऊ आहेत. कडक आणल्या, शिसं वाढलं. मग म्हणाला, शेवटी तांब्याच्या आवरणाच्या सहा गोळ्या झाड, नळी आपोआप साफ होईल.

"केर गालिच्याखाली सारायचा आणि घर झाडलं म्हणायचं?" पद्माकर भडकला. "साचलेल्या शिशावरून कडक गोळी गेली तर नळी फुगेल माझी. शिसं कुठे साचतंय ते बघ ना! नळीच्या तोंडाशी असतं तर म्हटलं असतं, गोळीला लावलेलं ग्रीस कमी पडतंय. ते नळीच्या सुरुवातीलाच आहे, सिलिंडरला लागून. गोळी बारीक आहे, मन्या. कडेनं गरम वायू निसटतो आणि शिसं वितळवतो."

"तू ऑडिटर आहेस, ऑडिट कर," मनोहर म्हणाला.

मग त्याची ती तक्रार कमिटीपुढे गेली आणि पद्माकरच्या जिव्हारी लागली. संघातली जागा गेली असती तर त्यानं सोसलं असतं. पण घाणेरडा म्हणून जायचं, तेही वर्षानुवर्षं आपल्या घरी जेवलेल्या माणसाच्या तोंडून?

सुनावणीच्या शनिवारी तो मुद्दाम कमिटीच्या डोळ्यांदेखत मनोहरची काडतुसं झाडून आला. रिव्हॉल्व्हर रिकामं करून त्यानं टेबलावर ठेवलं, सिलिंडर काढून उभा धरला. मग मनोहरच्याच डब्यातली, काडतुसात न भरलेली गोळी उचलली.

"गोळी सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्याच्या पुढच्या तोंडाशी अडायला हवी," तो अध्यक्ष लिमना इंग्रजीत म्हणाला. "बोटानं ढकलल्यावर जायला हवी."

त्यानं गोळी सोडली. ती सरळ आरपार टेबलावर पडली. दुसऱ्या कप्प्यातून पडली. तिसऱ्यातूनही.

लिमनी उरलेल्या कप्प्यांतून ती स्वतः सोडून पाहिली. मग मनोहरकडे पाहिलं. मनोहरची मान खाली गेली होती. बारीक गोळी सगळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये विनातक्रार बसते, म्हणून त्यानंच ती निवडली होती. ज्याचे कप्पे जरा मोठे, त्याच्या नळीचं काय होईल हा विचार त्यानं केलाच नव्हता. जाडीबद्दल पद्माकरनं विचारलं, तेव्हा चूक कबूल करण्यापेक्षा मित्राला घाणेरडा ठरवणं त्याला सोपं वाटलं होतं.

तक्रार तिथेच निकालात निघाली.

"जाडी वाढवून मागवतो," मनोहर मराठीत पुटपुटला. "झालं ते झालं. संघात आहेस तू. हं, घे, साफ कर आणि ठेवून दे आत."

पद्माकरच्या कपाळावरची शीर तटतटली. आजवर मळलेलं हत्यार सोडून तो कधी क्लबाबाहेर पडला नव्हता. त्यानं खिशातून अरुणाची घासणी काढली आणि मनोहरच्या पुढ्यात आपटली.

"आज तू कर," तो म्हणाला. "आणि झाल्यावर उजेडात धरून बघ."