पेरभर उंच

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका चाड्याला जवसाचं तेल पाजणं. वैशाखातली कलती दुपार होती. अंगणातल्या निंबाच्या बारीक फुलांचा कडवट-गोड दरवळ तापलेल्या धुळीत मिसळून ओसरीपर्यंत येत होता, आणि बाभळीच्या ताज्या लाकडात तेल उतरू लागलं की जो एक उबदार, धान्यासारखा वास सुटतो, तो तिच्या हातातल्या चिंधीला लागला होता. मी चाडं फिरवत होतो, ती चोळत होती. तिसरा हात देऊन झाला तरी माझं समाधान होईना, तेव्हा ती म्हणाली, "पुरे करा आता. लाकूड हाय ते, जावई नाही." मी हसलो नाही. हसायला हवं होतं. त्या संध्याकाळी चाड्याचा मालक येऊन ते घेऊन गेला, पाचव्या दिवशी तिला ताप भरला आणि ती गेली. ह्याहून जास्त त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि असतं तरी मी सांगितलं नसतं.

ज्यांनी शेत लांबूनच पाहिलं आहे त्यांच्यासाठी सांगतो. चाडं म्हणजे तिफणीवर बसवलेली लाकडाची वाटी. तिच्या बुडाला तीन भोकं, आणि भोकांतून तीन पोकळ वेळू खाली तीन फणांपर्यंत गेलेले. तिफणीमागून चालणारी बाई ओटीतलं बियाणं मुठीने त्या वाटीत सोडत जाते आणि जमिनीत एका वेळी तीन ओळी पेरल्या जातात. सगळी करामत त्या बाईच्या मुठीची. मूठ जरा कलली की एका ओळीत बियाणाची गर्दी आणि दुसरीत उपास. आमचे बापजादे ह्यालाच नशीब म्हणत आले. मी जातीचा सुतार, तिसरीपर्यंत शिकलेला. उभ्या जन्मात शेकडो चाडी केली, आणि मीही त्याला नशीबच म्हणत होतो.

मग हायब्रीड ज्वारी आली. राज्य नवं, बियाणं नवं. ते सरकारी पिशवीतून यायचं, मोजकं यायचं, आणि त्याचं पीक घरात ठेवून पुढच्या साली पेरावं तर त्याची पोरं आईबापाच्या वळणावर जात नसत. दर वर्षी पुन्हा पिशवी आणावी लागे. पारावर त्यावर रोज वाद. कुणी म्हणे कणसं पाहून डोळे निवतात. कुणी म्हणे ज्या बियाणाले माहेर नाही त्याचा भरोसा काय? मला त्या वादात गम्य नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ते बियाणं अंगठीतल्या खड्यासारखं जपून सांडावं लागतं, आणि माझं चाडं ते जपत नाही. लोक तोंडावर बोलत नसत, पण मला कळत होतं.

तोड तिने काढली. तिचं माहेर जळगाव जामोदकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. त्यांच्या घराला लागूनच माळ्यांचे मळे होते आणि लहानपणी ती तिथे वांगी-मिरच्यांना पाणी द्यायला जायची. एका पाटाचं पाणी तीन सऱ्यांत सारखं जावं म्हणून त्या मळ्यांतल्या बाया फाट्यावर मधोमध मातीचं एक ढेकूळ ठेवतात. पाणी येतं, ढेकळाला धडकतं, आणि भांडण न करता तिन्हीकडे वाटून जातं. एका सकाळी मी चाडं कोरत बसलो होतो. ती चहा ठेवायला आली, वाटीत डोकावली आणि म्हणाली, "मधात ढेकूळ ठेवा ना."

मी म्हणालो, "चाड्यात माती घालू का वं आता?"

"लाकडाचंच ठेवा. बुडातून वर येऊ द्या. काऊन, लाकडाले पोट नसते का?"

मी वाटीच्या मधोमध लाकूड न कोरता राखलं आणि वर गोलसर केलं. उंची किती ठेवावी हे तिलाही सांगता येईना. तिने हात वाटीत घातला, अंगठा बुडाला टेकवला आणि पहिल्या पेराशी नखाने रेघ मारली. "इतलं." तेवढं ठेवलं. मृगात पेरलं आणि पंधरा दिवसांनी शेतात जाऊन पाहिलं, तर तिन्ही ओळी एका आईच्या लेकींसारख्या सारख्या उभ्या होत्या. तेव्हापासून दर चाड्याला मी तिला हाक मारायचो, ती पीठ लागलेला, शेण लागलेला, असेल तसा हात झटकून यायची, अंगठा टेकवायची, जायची. लोक त्याला ढेकळाचं चाडं म्हणू लागले.

गोष्ट काही लपवायची नव्हती. लपवायची असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. धामणगाव बढ्याचा किसन मिस्त्री एकदा बाजारात आमचं चाडं पाहून गेला आणि घरी जाऊन त्याने तसंच केलं. आठ दिवसांनी तणतणत दारात हजर. "वैनी, तुमच्या ढेकळानं माही इज्जत घालवली. बियानं उसळून बाहीर पडून राह्यलं!" तिने त्याचं चाडं हातात घेऊन पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "किसनभाऊ, मी ढेकूळ म्हनलं होतं. तुमी तं देऊळगावच्या बालाजीचं शिखर उभं केलं!" किसन वरमला, पण माणूस खटपट्या. ढेकूळ उतरवता उतरवता त्याने त्याच्या कडेने तीन उथळ खाचा काढल्या, त्यांनी बियाणं भोकांकडे अजून नीट घरंगळू लागलं, आणि त्या खाचा मग मीही घेतल्या. विचारलं नाही. त्यानेही विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात एकाचा हात पाहून दुसरा शिकतो; ज्याने पाहिलं त्याने चोरलं असं म्हणायला लागलो तर आधी माझ्या बापावरच आळ येईल.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात, मृगाला थोडे दिवस उरले असताना, शहराकडून एक कारखानदार आला. लोखंडी अवजारं बनवणारा. पांढरेशुभ्र कपडे, बोलणं मऊ; माणूस वाईट नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो. गावात कुणाच्या तरी तिफणीवर त्याने चाडं पाहिलं होतं. "मिस्त्री, ह्याचं पेटंट घेऊ," तो म्हणाला.

"पेटंट म्हंजे बाटलीतलं औषध ना? हालवून घ्याचं ते?"

तो मनापासून हसला आणि मग त्याने नीट समजावलं. सरकारचा एक कागद असतो. ज्याची अक्कल, त्याची मालकी. पुढे इतकी वर्षं, आपल्याला विचारल्याशिवाय हे चाडं दुसऱ्या कुणी करायचं नाही.

"मंग किसन मिस्त्रीनं काय करावं?"

"त्याने आपल्याकडून घेऊन विकावं."

पैशाचंही तो काही बोलला, ते मी कानावरून जाऊ दिलं. पण मग तो म्हणाला, ही अक्कल बाईंची होती असं गावात ऐकलं; तर दर चाड्यावर पितळेची एक पट्टी ठोकू आणि तिच्यावर बाईंचं नाव कोरू. "अंगठेबहाद्दर बाई, पण डोकं काय! नाव जिल्हाभर जाईल, मिस्त्री." त्याने चाड्याच्या पोटाची उंची विचारली, मी पेरभर म्हणालो. कुणाचं पेर, असं त्याने विचारलं आणि मी ओसरीवरचं एक जुनं चाडं त्याच्यापुढे सरकवलं. त्याने खिशातून मोजपट्टी काढून चाड्यात उभी धरली आणि वहीत लिहिलं: सव्वा इंच. सही न येणाऱ्या बाईचा अंगठा असा दोन शब्दांत वहीत जाऊन बसला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. कुठे तरी लिहिला गेला. जाताना तो पेटंटचा कागद ठेवून गेला. उद्या दुपारी येतो, सही करून ठेवा.

माझी लेक द्वारका देऊळगाव राजाला दिली आहे. ती दिवसकार्याला आलेली अजून राहिली होती. कागदावरून ती उन्हासारखी तापली. "बाबा, मायचं नाव पितळेवर येऊन राह्यलं, अन् तुमी इचार कायचा करता? जिती होती तवा तिले नावानं कोनी हाक तरी मारली का?"

ते खरं होतं. मीच मारली नव्हती. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं, मग आयुष्यभर 'ऐकतं का' आणि 'द्वारकीची माय'. ज्या माणसाने नाव उच्चारलं नाही त्याने ते पितळेवर कोरून घ्यायला नाही म्हणावं, ह्याला लेक काय म्हणेल ते मला समजत होतं.

दिवस मावळेपर्यंत मी तो कागद घेऊन ओसरीवर बसलो. तिसरीचं वाचन, बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. त्यात लिहिलं होतं की ही युक्ती हिची एकटीची, आणि आधी कुणाचीही नव्हती. तिथे माझं बोट अडलं. ढेकूळ मळ्यातल्या बायांचं, त्यांना ते त्यांच्या सासवांनी दिलेलं, खाचा किसनच्या, कोरणारा हात माझ्या बापाने वळवलेला. तिची काय, तर पाटातली गोष्ट वाटीत पाहणारी नजर. ती नजर एकटीची होती, ह्यात शंका नाही, आणि तशी मी दुसरी पाहिली नाही. पण नजरेला कुलूप लावायचं म्हणजे काय करायचं? नाव राहावं म्हणून मी किसनच्या हातातला तासायचा वाकस काढून घ्यायचा, आणि त्यावर तिचं नाव ठोकायचं? पुढे कुणी गरीब बाई वाकड्या तिफणीमागे चालताना म्हणेल, ढेकळाचं चाडं मिळत नाही, ते अमुकीचं आहे. असं नाव घेतलेलं मला चालणार नाही. तिला चाललं असतं का? ते मात्र मी सांगू शकत नाही. कदाचित आवडलं असतं. चाळीस वर्षांत मी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची सोय राहिली नाही.

मग ध्यानात आलं की सही केली काय, न केली काय, माझी अडचण वेगळीच आहे. ती गेल्यापासून मी एकही चाडं पुरं केलं नव्हतं. लाकूड घ्यायचो, कोरायचो, मधल्या पोटापाशी आलो की थांबायचो, हाक मारायला तोंड उघडायचो. सव्वा इंच मला ठाऊक झालं होतं, मोजपट्टीही घरात होती, पण हात चालत नव्हता.

दुसऱ्या दिवशी धामणगाव बढ्याचा बाजार होता. झुंजुमुंजू होताच मी हत्यारांची थैली आणि अर्धं कोरलेलं चाडं घेतलं. द्वारकेच्या हातात कागद दिला आणि सांगितलं, "त्याले म्हन, चाडं तुमीबी करा, सगळे करतात तसं. हा कागद तेवढा वापस न्या." कागद तिने फेकला नाही, घडी मोडू न देता फळीवर ठेवला. मी निघालो.

मृगाच्या तोंडावरचा बाजार म्हणजे अवजारांचाच. दोर, जू, कासरे, नवी तासलेली लाकडं, आणि ह्या सगळ्यावर सकाळच्या उन्हात तरंगणारा ओल्या सालीचा वास. सुतारांच्या ओळीत जागा धरून मी बसलो आणि सगळ्यांदेखत कोरू लागलो. किसन शेजारी येऊन टेकला; दोघे-तिघे नवे सुतारही वाकून पाहू लागले. मी खाचा दाखवल्या, भोकांचा उतार दाखवला. पोटापाशी आलो तसा हात थांबला.

"किती ठेवाचं, मिस्त्री?" एकाने विचारलं.

समोर वांग्यांची पाटी घेऊन एक बाई बसली होती. वीस-बावीस वर्षांची, अनोळखी. चाड्यामागे कधी चालली का, असं मी तिला विचारलं. "दर साली चालतो ना, बाबा. मी नाही तं कोन चालन?" म्हणाली.

"मंग इकडं ये. अंगठा टेकव."

ती लाजली, आजूबाजूच्या बाया हसल्या. "कागदावर घेता का काय बाबा, शेत लिहून?" एकीने टोमणा मारला. तरी ती उठली, पदराला हात पुसून वाटीत घातला आणि अंगठा बुडाला टेकवला. नखात माती होती. पेर द्वारकीच्या मायच्या पेराहून जरा आखूड होतं.

मी तिथे कोळशाने रेघ मारली आणि पटाशी उचलली.