ताईचा रविवार

आमच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ड्युटीचा तक्ता मी बनवतो. सगळ्यांची नावं पेन्सिलनं लिहितो, कारण प्रत्येकाचं काहीतरी निघतंच: सासूबाईंचा गुडघा, पोराची परीक्षा, मेहुण्याचं लग्न. ताईचं नाव मात्र थेट पेननं, रविवारच्या रकान्यात. ताईनं लग्न केलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी तिला घर खायला उठत असणार, हे आम्हीच परस्पर ठरवून टाकलं होतं. एकोणीस वर्षं ही वहिवाट सुखानं चालली. म्हणजे आमच्या सुखानं.

तिच्या कामाला तोड नाही. आम्हाला तीनदा टोचूनही न मिळणारी शीर तिला पहिल्या झटक्यात सापडते, आणि भोकाड पसरलेलं पोर रडायचं विसरून तिच्याशी गप्पा मारत बसतं.

गेल्या शुक्रवारी तिनं माझ्यापुढे राजीनामा ठेवला. मी घाईनं विचारलं,

"काम झेपत नाही का, ताई?"

"कामावर जीव आहे हो माझा, साहेब. पण पोहायचा वर्ग रविवारी सकाळी असतो. तीनदा नाव घातलं, तीनदा काढलं. तुम्ही सगळे संसारी, मान्य. मग मला काय संसार नाही? एका माणसाचा आहे, एवढंच."

मला लाज वाटली. राजीनामा खणात टाकला, तिचं नाव खोडलं आणि तिथं, करतो काय, माझंच लिहिलं. घरी भीत भीत सांगितलं, तर बायको म्हणाली, "जा बाई एकदाचे! तुम्ही घरी असलात की मला दुप्पट काम पडतं."

रविवारी लॅबमध्ये सुई टोचताना दोन पोरांनी मला लाथा घातल्या. पण दुपारी सगळं सामसूम, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी अख्खं वर्तमानपत्र वाचून काढलं. सोमवारी ही बातमी फुटली, तर दोन नवरे पुढचा रविवार मागायला हजर!

तेवढ्यात ताई आली. "नाकातोंडात पाणी गेलं, पण कडेचा दांडा काही सोडला नाही मी," ती हसत सांगत होती. मग हात पुढे केला. "तो कागद द्या बघू."

मी घाईघाईनं खण उघडला. तिनं राजीनाम्याची घडीवर घडी घातली, खाली वाकली आणि रक्त फिरवायच्या मशीनच्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली ती सरकवली.

"आता हलवून बघा," म्हणाली, आणि तिनं पहिल्या पेशंटला हाक मारली.