कापसाचे दगड

“उतर नदीमा! उतर! तुना थोबाडना पत्रा करी टाकसू!”

अमळनेरची पोरगी ओरडली आणि धुळ्याच्या त्या सभागृहाचं छप्पर वीतभर वर जाऊन परत जागेवर बसलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. बाहेर पांझरेच्या पुलावर टांग्याची घोडी उधळली असंही म्हणतात. म्हणणारा मीच आहे, पण ते असो.

नदी म्हणजे रंगमंचावर आडवी पसरलेली निळी साडी. अलीकडच्या काठावर अमळनेरची आणि तिच्या पाच पोरी, पलीकडे सावद्याची आणि तिच्या पाच. साऱ्या आमच्या जळगावच्या कॉलेजातल्या. विंगेत मी, मांडीखाली पत्रा दाबून बसलेलो.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. आणि काही गावांत नदीच्या दोन काठांवरच्या बाया समोरासमोर उभ्या राहून एकमेकींचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार करतात. शिव्या संपल्या की दगड. ऊन उतरलं की सगळं थांबतं. जिचं डोकं फुटलं तिच्या जखमेवर फोडणारीच हळद चेपते. दगड कुणी मारला हे कुणी विचारायचं नाही, आणि जिला लागला तिने सांगायचं नाही. वर्षभराचं सगळं तिथेच सांडून बाया घरी जाऊन पुरणपोळी खातात.

हेच आम्ही विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लोकनाट्य म्हणून बसवलं होतं. विद्यापीठ नवंकोरं होतं, आम्हीही बऱ्यापैकी कोरे होतो.

संहिता कलामंडळाच्या सरांनी लिहिली. सर पुण्याकडचे. त्यांनी शिव्या लिहिल्या त्या अशा: “अगं कृतघ्ने! अगं कलहप्रिये!” तालमीत अमळनेरचीने कागद उलटसुलट करून पाहिला.

“सर, हे मी तिला म्हटलं तर ती मला धन्यवाद म्हणेल.”

“अगं, पण स्टेजवर सभ्यता नको का?”

“आखाजीला नको, सर.”

दगड माझ्याकडे होते. मी कलामंडळाचा दगडप्रमुख. जिनिंगमधला कापूस आणून त्याचे गोळे केले, गोणपाटात शिवले, वर राख आणि डिंक. इतके हुबेहूब झाले की एका कुत्र्याला मी एक फेकून मारला तर ते नुसतं बघूनच लंगडायला लागलं. पण कापसाचा दगड पडताना आवाज करत नाही. म्हणून दुसऱ्या टोपलीत मेहरूणच्या तलावाकाठचे खरे धोंडे भरले. पोरींनी कापूस फेकायचा आणि मी विंगेत धोंडे पत्र्यावर ओतायचे.

प्राथमिक फेरीत परीक्षकांनी शेरा मारला: “भांडण पटत नाही.” बास. पण अमळनेरचीने दोन दिवस जेवण सोडलं.

तिचं कारण दाराशी टांगलेलं होतं. कॉलेजच्या हॉलच्या दारावर लाकडी फळा होता. दरवर्षीच्या उत्कृष्ट कलावंत विद्यार्थ्याचं नाव त्यावर पिवळ्या ऑइलपेंटने लिहीत. वरपासून खालपर्यंत सगळी नावं मुलांची. ही तीन वर्षं गात होती, नाचत होती, रांगोळ्या काढत होती, आणि तीनही वर्षं तिने तो फळा स्नेहसंमेलनाआधी स्वतः पुसला होता. तिचे वडील अमळनेरच्या तेलाच्या मिलमध्ये कामगार. ती सुट्टीला घरी गेली की पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी विचारायचे, “लागनं का नाव?” हे तिचं शेवटचं वर्ष. सरांनी सांगून ठेवलं होतं, महोत्सवात पहिला नंबर आण, नाव तुझंच.

सावद्याची ही तिची वसतिगृहातली खोलीभागीदार. केळीवाल्या घरातली, उंच, थंड. दोघी एका ताटात जेवत. पण नाव सावद्याचीचंही चर्चेत होतं, आणि एकाच फळ्यावर एका वर्षी दोन नावं बसत नव्हती.

तर अंतिम फेरी. पडद्यामागे अंधार. मी एक टोपली उचलली आणि नदीत ओतली. टोपली उचलताना वजन कळलं नाही का, असं तुम्ही विचाराल. कळलं. दम लागला. मला वाटलं, एस.टी.च्या प्रवासाने आपण थकलोय.

पडदा उघडला. कागदावरच्या शिव्या पहिल्या श्वासात संपल्या. मग खऱ्या निघाल्या. अमळनेरचीने सावद्याचीच्या आजोळापासून सुरुवात केली आणि कुणालाही वगळलं नाही. सावद्याचीने पूर्वेकडच्या बोलीत असं काही उत्तर दिलं की धुळ्याची पोरं बाकांवर उभी राहिली. विंगेतले सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दोघी एकदम नदीत वाकल्या. हात दगडांवर गेले. दोघी क्षणभर थांबल्या. आणि मग फेकाफेक सुरू झाली.

पहिला धोंडा मागच्या पडद्यावर रंगवलेल्या वडाच्या बुंध्यातून आरपार गेला. मी म्हटलं, वा, काय जोर! दुसरा परीक्षकांच्या टेबलावर आला, पाण्याचा ग्लास फुटला, आणि मुख्य परीक्षक टेबलाखाली गेले ते बक्षीस जाहीर होईपर्यंत वर आले नाहीत. तिसरा माझ्या खांद्यावर बसला. मी ठरल्याप्रमाणे दुसरी टोपली पत्र्यावर ओतली.

आवाज आला नाही.

पत्र्यावर कापूस पडला होता.

मी ओरडलो असेन. ऐकतंय कोण? पोरी झिंज्यांना भिडल्या होत्या. बांगड्यांचा चुरा प्रेक्षकांत पावसासारखा पडत होता. एकीने दुसरीच्या दंडाचा चावा घेतला तो पुढे तिच्या लग्नातल्या फोटोतही दिसायचा. आणि मग अमळनेरचीचा हात मागे गेला, पार अमळनेरपर्यंत गेला म्हणा, आणि तिथून सुटलेला धोंडा सावद्याचीच्या भुवईवर बसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. ती गुडघ्यावर आली. रक्त डोळ्यावरून गालावर, गालावरून त्या निळ्या साडीवर. नदी लाल झाली.

सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्यांना वाटलं, कुंकवाचं पाणी.

अमळनेरची धावली. सावद्याचीचं डोकं मांडीवर घेऊन तिने पदर दाबून धरला. संहितेत हे नव्हतं, पण परीक्षकांनी त्यालाही गुण दिले. पहिला नंबर आमचा.

पाच टाक्यांची बातमी आमच्या आधी जळगावला पोचली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी त्या दोघींना आणि मला बोलावलं.

“खरे दगड स्टेजवर आले कुठून?”

मी माझ्या चपलेकडे पाहत राहिलो. माझी चप्पल एवढं लक्ष देऊन मी आधी कधी पाहिली नव्हती.

“बरं, ते नंतर. हिने जाणूनबुजून मारला असेल, तर नाव रद्द आणि वसतिगृहातून बाहेर.” मग ते सावद्याचीकडे वळले. “बोल बेटा. दगड कुणी मारला?”

अमळनेरची पांढरी पडली होती. मी काही बोलायला हवं होतं. मी पुन्हा चपलेकडे वळलो.

सावद्याचीने पट्टीवर हात फिरवला. “मी नदीत वाकले होते, सर. दिसलं नाही.”

“दिसलं नाही? शेकडो लोकांना दिसलं!”

“मग त्यांना विचारा, सर.”

चौकशी तिथेच मेली. महिन्याभराने फळ्यावर अमळनेरचीचं नाव लागलं. तिचे वडील मिलमधून रजा काढून आले, आणि अजून ओल्या अक्षरांना त्यांनी बोट लावलं. पिवळा डाग तसाच घेऊन ते गाडीत बसले.

मला मात्र झोप नव्हती. त्या दुपारी कॅन्टीनमध्ये सावद्याची एकटी चहा पीत होती. भुवईवर जाड रेघ. मी समोर बसलो आणि सगळं ओकलो: टोपली, वजन, पत्रा, कापूस. “खऱ्या दगडांची टोपली मीच ओतली. तुझं कपाळ माझ्यामुळे फुटलं.”

तिने बशीतला उरलेला चहा संपवला.

“माहीत होतं. पहिला हातात घेतला तेव्हाच कळलं. मी पण तेच मारत होते, माझा नेम चुकला.”