चौकातली हिरवी पाटी

तीस वर्षं प्रदूषण खात्याच्या प्रयोगशाळेत कागद तोलून तोलून त्यांचं नावच तराजूबाई पडलं होतं. काम साधं. दर तिसऱ्या दिवशी पोस्टाच्या गच्चीवर चढायचं, हवा ओढणाऱ्या यंत्रातला गाळणीचा कागद चिमट्याने काढायचा, नवा बसवायचा आणि जुना वजन करून वहीत नोंदवायचा. कागद पांढरा जायचा आणि राखाडी यायचा, कारण गावाच्या उशालाच वीज कंपनीची तीन धुराडी होती.

मग सरकारने चौकात भलीमोठी विजेची पाटी उभारली. किंमत ऐकून प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी आपापले उघडे हात पाहिले. त्यांना वर्षभर साधे हातमोजे मिळाले नव्हते. पाटीवर हिरव्या अक्षरांत यायचं, 'हवा उत्तम'.

एका दुपारी राखेचं असं वादळ उठलं की समोरचं माणूस दिसेना. तराजूबाईंचा कागद काळाठिक्कर पडला. पाटी मात्र हिरवीगारच! बाईंनी वायरमनला गाठून पाटीचं मागचं झाकण उघडायला लावलं.

वायरमन हसायलाच लागला. "बाई, आत फक्त विजेची वायर आलीय. आकडे आधीच भरून ठेवलेत. हवेचा आणि हिचा काडीचा संबंध नाही."

आठवड्याभरात खात्याच्या साहेबांनी बाईंपुढे एक कागद सरकवला. 'पाटी व्यवस्थित चालू आहे.' कंपनीला चौथं धुराडं बांधायचं होतं आणि जनसुनावणी तोंडावर आली होती.

"सही करा. तीन वर्षं राहिलीत तुमची. कशाला नसती उठाठेव?"

"साहेब, उठाठेव हेच तर माझं काम. तीस वर्षं कागद उचलतेय नि ठेवतेय."

घरी नवऱ्याने डोक्याला हात लावला. तो कंपनीच्याच स्टोअरमध्ये होता. "अगं, पाण्यात राहून माशाशी वैर?"

"पाणी कुठे दिसतंय तुम्हाला? खिडकी पुसा एकदा."

तो रुसून बसला. दोन दिवस घरात भांडी आपटत होता.

सुनावणीला सभागृह खच्चून भरलं. कंपनीच्या माणसाने हिरव्या पाटीचे फोटो दाखवले. तराजूबाई उठल्या.

"तुम्ही कर्मचारी आहात, खाली बसा," साहेब खेकसले.

"कर्मचारी आहे म्हणूनच उभी आहे."

त्यांनी तीन महिन्यांचे कागद टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकावर तारीख, प्रत्येकावर वजन. मग वायरमनला हाक मारली. तो आधी चाचरला, पण पाटीच्या पोटात काय होतं ते सगळं सांगून मोकळा झाला. सभागृहात एकच गलका उठला. अध्यक्षांना इतिवृत्तात लिहून घ्यावंच लागलं आणि चौथं धुराडं लटकलं.

सरकारने चूक सुधारली ती सरकारी पद्धतीने: आणखी मोठी, आणखी महाग पाटी! पण या खेपेला गच्चीवर आपोआप हवा मोजणारं यंत्र बसवून तिथून वायर ओढणं भाग पडलं. आता ती बहुतेक दिवस लाल असते.

बाईंची बदली झाली, दोन तासांवरच्या कार्यालयात. आदेशाच्या पोचपावतीवर त्यांनी लिहिलं, 'बदली मंजूर. सही नामंजूर.' नवऱ्याने कुरकुरतच पहाटे उठून डबा भरून दिला.

नव्या जागी पोचल्यावर त्यांनी खुर्चीसुद्धा ओढली नाही. शिपायाला विचारलं, "इथल्या नदीचं पाणी शेवटचं कधी तपासलं होतं?"

शिपाई साहेबांच्या दाराकडे बघायला लागला.

"त्यांना नंतर विचारू," बाई म्हणाल्या. "आधी बाटल्या कुठे ठेवल्यात ते दाखव."