वरठीची ड्रमर

गाणं सुरू करायच्या आधी ती काठ्या एकमेकींवर तीनदाच आपटायची. बाकीचे ड्रमर चार देतात. तुम्ही कधी एखाद्या बँडसमोर उभे राहिला असाल तर ऐकलं असेल, एक-दोन-तीन-चार आणि मग गाणं. ही तीन द्यायची आणि थांबायची. पहिल्या दिवशी आम्ही सगळेच फसलो. मी की-बोर्डवर बोटं ठेवून तसाच, गाणारा तोंड उघडून तसाच.

"चौथा?" मी विचारलं.

"चौथा तुमी ऐका," ती म्हणाली. "चौथाबी मीच देऊ तं तुमी कायले आले?"

आम्ही भंडाऱ्याच्या एका कॉलेजात शिकत होतो. मी कोंढ्याचा, खोली करून राहणारा. गाणारा करडीचा. गिटारवाला भंडाऱ्यातलाच. ती वरठीहून ऑटोत कोंबून यायची, आणि तिच्या बॅगेतून ड्रमच्या काठ्या अशा बाहेर आलेल्या असायच्या की शेजारी बसलेली माणसं डोळे सांभाळून बसायची. वडील तिथल्या पोलादाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. आई करडीच्या बाजूला माहेरी जाऊन दर पावसाळ्यात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करायची, आणि हीसुद्धा सुट्टी काढून तिच्यासोबत चिखलात उतरायची.

ड्रम ती शाळेत शिकली. सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी मुलींच्या हातात लेझीम द्यायची पद्धत होती. हिला लेझीम नको होतं. बँडपथकातला, गळ्यात अडकवायचा ड्रम हवा होता. शिक्षक नाही म्हणाले, तर ही मैदानावर बसून राहिली. उन्हात. शेवटी शिक्षकच कंटाळले. ही गोष्ट सांगताना ती हसायची नाही. "मांगून भेटला असता तं बसली असती का मी?" एवढंच म्हणायची, आणि त्या शिक्षकावरचा राग इतक्या वर्षांनी पुन्हा ताजा व्हायचा.

लोक तिला रागीट म्हणायचे. होतीच. पण तुम्ही तिच्यासोबत वाजवलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, की तिचा राग नेहमी कुठल्यातरी नीट न झालेल्या गोष्टीवर असायचा. सैल स्क्रूवर, उशिरा येणाऱ्या गिटारवाल्यावर, माझ्या घाईवर. मी स्टेजवर पळायचो. लय सोडून पुढे निघून जायचो. मग मागून तिचा आवाज यायचा, "कोनाची गाडी सुटून राहिली बे?" तिचं घर वरठीच्या स्टेशनाजवळ. दिवसभर गाड्या ऐकणारी पोरगी. तिला घाई या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता.

सरावाला आम्हाला जुनी प्रयोगशाळा मिळाली होती. कपाटांत काचेच्या नळ्या. तिनं मोठ्या ड्रमचं पायडल दाबलं की सगळ्या नळ्या किणकिणायच्या. शिपाई धावत आला, फुटतील म्हणून. ती म्हणाली, "काका, फुटून नाई राहिल्या. ताल धरून राहिल्या. तुमीबी धरा." त्या दिवसापासून तो शिपाई दारात उभा राहून मान हलवू लागला. आमचा पहिला श्रोता तोच.

पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायचं होतं तेव्हा मी घाबरलो होतो. खोलीत वाजवणं आणि लोकांपुढे वाजवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. स्टेजवर स्वतःचं वाजवणं स्वतःला ऐकू येत नाही. भोंगे लोकांकडे तोंड करून असतात. आपल्याकडे येतो तो भिंतीवर आपटून परतलेला गोंधळ. मी तिच्याकडे पाहिलं. ती ओरडली, "कानानं नोको ऐकू! तळपायानं ऐक!" आणि खरोखर, फळ्यांच्या त्या स्टेजमधून तिच्या पायडलचा ठोका माझ्या चपलेतून वर येत होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा पळालो नाही.

त्याच वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत आमच्या बँडला पहिलं बक्षीस मिळालं. कॉलेजात आनंदीआनंद. सत्काराचा कार्यक्रम ठरला, दुपारचा, मैदानावर मांडव घालून. संस्थेचे अध्यक्ष येणार होते, आणखी मोठे पाहुणे येणार होते, आणि त्यांच्यासमोर आम्ही दोन गाणी वाजवायची होती.

सकाळी आम्ही सामान जुळवत होतो तेव्हा सांस्कृतिक विभागाचे सर आले. माणूस तसा गोड बोलणारा. हा ड्रमसेट कॉलेजला त्यांनीच मिळवून दिला होता, हेही खरं. त्यांनी तिला बाजूला बोलावलं नाही. आमच्या सगळ्यांसमोर, मांडववाल्या पोरांसमोर म्हणाले, "बेटा, आज ड्रमवर तो तबला वाजवणारा मुलगा बसेल. तू समोर खंजिरी घेऊन उभी राहा."

"काहून सर?"

"अगं, पाहुणे समोर बसणार. मुलीच्या जातीनं असं पाय फाकवून बसलेलं चांगलं दिसत नाही."

मांडववाली पोरं हसली. ते हसणं मी अजून विसरलो नाही, आणि विसरायचीही इच्छा नाही. सरांच्या तोंडावर मात्र काही नव्हतं. मुलीला ओढणी नीट कर म्हणावं, इतक्या सहज ते बोलले होते.

ती काठ्या हातात धरून उभी होती. आवाज चढवला नाही. म्हणाली, "सर, माझी माय रोवना करते तवा दिवसभर चिखलात पाय फाकवूनच उभी राहाते. सारा गाव बांधावरून जाते. तवा कोनाले वाईट नाई दिसत. तोच तांदूळ तुमी खाता ना? मंग मीच काहून वाईट दिसून राहिली?"

सर म्हणाले, "वाद घालू नको."

"वाद नाई सर. बक्षीस म्या वाजवून आनलं. मीच वाजवन."

सर गेले. आम्हाला वाटलं, जिंकलो. तासाभरानं मांडववाला एक मोठा फ्लेक्स घेऊन आला आणि ड्रमसेटच्या समोर, दोन बांबूंना बांधून गेला. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, खाली स्वागताचा मजकूर. फ्लेक्सच्या मागे ड्रमसेट दिसेनासा झाला, आणि ड्रमसेटमागची मुलगीसुद्धा. सरांचा निरोप असा, की आता काही हरकत नाही, वाजवू दे तिला.

आम्ही म्हणालो, आपण वाजवायचंच नाही. गिटारवाल्यानं तर वायर गुंडाळायला घेतली. तिनं त्याच्या हातातून वायर काढून परत लावली.

"नाई वाजवलं तं त्यायले बरंच हाय," ती म्हणाली. "वाजवायचं."

पहिलं गाणं तिनं त्या फ्लेक्समागे बसून वाजवलं. पण सरांनी एक हिशेब केला नव्हता. पायडलचा ठोका पडला की मोठ्या ड्रममधून हवेचा धक्का बाहेर येतो, आणि फ्लेक्स अगदी समोर होता. प्रत्येक ठोक्याला अध्यक्षांचा चेहरा थरथरत होता. गाण्याच्या हळू भागात गाल हलायचे, जलद झालं की जोडलेले हात. मागच्या रांगेतल्या पोरांच्या ते आधी लक्षात आलं. हसू पुढे सरकत सरकत आलं, आणि खरे अध्यक्ष सोफ्यावर बसून स्वतःच्या थरथरणाऱ्या तोंडाकडे बघत राहिले.

गाणं संपलं. टाळ्या चालू असतानाच ती उठली, समोर आली आणि फ्लेक्सच्या गाठी सोडू लागली. एक गाठ सुटेना, तर दातांनी सोडली. फाडला नाही हं. अंथरुणाची चादर घडी करावी तशी त्याची नीट घडी केली, स्टेजच्या पायऱ्यांपाशी सर उभे होते त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "सर, तुमचं सामान." मग जाऊन बसली. जशी रोज बसायची तशीच.

तीन ठोके. दुसरं गाणं.

ते गाणं तसं आम्ही पुन्हा कधी वाजवलं नाही. वाजवता येणारही नाही. माझ्या बोटांत एवढा राग होता की की-बोर्ड स्टँडवरून सरकत होता. गाणारा डोळे मिटून ओरडत होता. पहिलं कडवं झालं आणि एकदम सगळं बंद पडलं. सरांनी हातानं खूण केलेली मी पाहिली होती, साउंडवाल्यानं मुख्य बटण पाडलेलंही पाहिलं. माझा की-बोर्ड मेला. गिटार मेली. मी वेड्यासारखा मुक्या पट्ट्या दाबत राहिलो.

ड्रमला मात्र वीज लागत नाही.

ती थांबली नाही. माईक नाही, भोंगे नाहीत, तरी आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जात होता. करडीच्या आमच्या गाणाऱ्यानं माईक खाली टाकला आणि उघड्या गळ्यानं गायला लागला. त्याच्या गावच्या दंडारीत, रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, बिनमाईकचंच गातात, त्याला त्याचं काय. मुलींची बाजू आधी उभी राहिली. मग टाळ्या. त्या टाळ्यांच्या, ड्रमच्या आणि एका फाटक्या आवाजाच्या जोरावर गाणं शेवटपर्यंत गेलं. तिनं शेवटचा ठोका दिला, झांज हातानं धरून गप्प केली आणि कुणाकडेही न बघता खाली उतरली.

इथं गोष्ट संपली असती तर मीही ती मित्रांमध्ये हसत सांगितली असती, जशी आता बाकीचे सांगतात. मला हसून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलावलं. सगळ्या स्टाफसमोर माफी मागायची. ती म्हणाली, नाही. आम्हा तिघांना बोलावलं, तिला समजवा म्हणाले. आम्हीही नाही म्हणालो. बँड बंद केला, प्रयोगशाळेला कुलूप लावलं. तरी ती नाहीच म्हणाली. मग त्यांनी वरठीला फोन केला.

तिचे वडील पहिली पाळी करून सरळ आले. अंगावर कारखान्याचेच कपडे, हातात हेल्मेट. आम्ही ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात उभे होतो, दार अर्धवट उघडं होतं. आतल्या सगळ्या खुर्च्यांवर माणसं बसलेली. वडिलांना कुणी बसा म्हटलं नाही. सर तेच बोलत होते, मुलीला वळण लावा, चारचौघांत कसं बसावं ते शिकवा, संस्थेच्या ओळखीनं किती मुलांना नोकऱ्या लागतात, कारखान्यातही आपली माणसं आहेत. शेवटचं वाक्य त्यांनी फार हळू उच्चारलं.

"सायेब, पोरगी हाय," वडील म्हणाले. "चुकली असन. मी माफी मांगतो." आणि त्यांनी हेल्मेट काखेत धरून हात जोडले.

मी तिच्याकडे पाहिलं. दिवसभर उन्हात बसणारी, दातांनी गाठ सोडणारी ती मुलगी भिंतीला टेकली होती. वडील बाहेर आले तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाले, "चाल वो बाई, घरी चाल." ती त्यांच्या मागून गेली. मोटारसायकलवर बसताना तिनं हेल्मेट त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः त्यांच्या डोक्यावर घातलं, खालचा पट्टा लावून दिला. लहान मुलाला घालतात तसं.

तिला वाकवता येईना, तर त्यांनी तिच्या बापाला वाकवलं. याला ते शिस्त म्हणतात.

तिनं परीक्षा दिली, चांगले गुण मिळवले आणि नागपूरला एका तपासणी-प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायच्या कामाला लागली. कॉलेजात तिनं काठी पुन्हा हातात धरली नाही. एकदा मी म्हणालो, बाहेर कुठं तरी वाजवू. ती म्हणाली, "बाबाले ते हात जोडलेले आठवतीन. मलेबी." मग मी विषय काढला नाही.

या वर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला माजी विद्यार्थी म्हणून मला बोलावणं आलं. बँड आता नाही. मुलं मोबाइलवर गाणं लावून समोर ओठ हलवतात. मी स्टेजमागे गेलो तर तिथं आमचा ड्रमसेट होता. त्यातल्या मोठ्या टॉमचं, म्हणजे तीन पायांवर उभ्या राहणाऱ्या ड्रमचं, टेबल केलेलं. त्यावर सत्काराच्या शाली, नारळ, हारांची टोपली. नारळांच्या वजनानं कातडं मधोमध खोल गेलं होतं. ते आता प्लास्टिकचं असतं, पण आम्ही कातडंच म्हणायचो.

मी तिथूनच तिला फोन लावला. सांगितलं. मला वाटलं, ती भडकेल, दोन शिव्या देईल, आणि मलाही बरं वाटेल. तिच्या मागे मशीनचा आवाज येत होता.

"कोनता? मोठा टॉम?"

"हो."

"नारळ खाली ठेव," ती म्हणाली. "अन् कातडं सैल कर. ताणलेल्यावर वजन असंच राह्यलं तं फाटन. स्क्रूची चावी सेटच्या पिशवीत असन पाह्य."

स्टेजवर तेच सर भाषण करत होते, मुलींच्या कलागुणांबद्दल. एक कार्यकर्ता धावत आला, "अहो, सत्काराचं सामान आहे ते!" मी त्याच्याकडे बघितलं असेन कसंतरी, कारण तो आल्या पावली परत गेला. मी नारळ जमिनीवर ठेवले, शाली ठेवल्या, टोपली ठेवली. चावी सापडली. गंज चढला होता. गुडघ्यावर बसून मी एकेक स्क्रू सोडू लागलो, आणि फोन कानाला तसाच होता.

"हळू," ती म्हणाली. "समोरासमोरचे सोड. एकाच बाजूनं नोको."